तळमजल्यावर दुकाने, वर घर: काळ्या मातीतला पाया, नऊ इंची कॉलम आणि रिंगा

ओळंबा (धागाकर्ता)
लातूर जिल्हा, गावठाणातला प्लॉट, ९ × १२ मीटर (३० × ४० फूट). बांधकाम साधारण ९० चौ. मी. तळमजल्यावर रस्त्याकडे शटरची दोन दुकाने, मागे गोदाम आणि जिना. वर राहते घर. पुढेमागे आणखी एक मजला चढवायचा आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती हद्दीला खेटून आहेत.

कॉलम १२: रुंदीत तीन ओळी (४.५ मीटरचे दोन गाळे), खोलीत चार (३.३ मीटरचे तीन गाळे). चाचणी खड्ड्यात २.४ मीटरपर्यंत काळी माती, मग पिवळसर चिकण माती, २.८ मीटरला मुरूम.

ठेकेदाराचा प्रस्ताव असा:
कॉलम ९ × ९ इंच, १२ मिमीच्या ४ सळया, ६ मिमीच्या रिंगा (उभ्या सळयांना बांधणारे आडवे वेढे) ८ इंचांवर. फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद तळ) ४ × ४ फूट, ५ फूट खोल. काँक्रीट एम २० (आकडा मोठा तितके काँक्रीट मजबूत). स्लॅब ५ इंची. बाहेरच्या भिंती ९ इंची विटांच्या, आतल्या ४ इंची.

आपल्याकडची निम्मी बाजारपेठ याच मापात उभी आहे, त्यामुळे "चालतंय की" हे उत्तर माहीत आहे. कशात काय कमी आहे आणि काय बदलावे, ते आकड्यांसकट हवे आहे.

मुरूमखडी
आधी वजन. स्लॅब, बीम, भिंती, फरशी आणि वापराचा भार मिळून अशा घराला मजल्यामागे ठोकळमानाने १२ किलोन्यूटन प्रति चौ. मी. (१० किलोन्यूटन म्हणजे साधारण १ टन) धरतात. मधल्या कॉलमच्या वाट्याला ४.५ × ३.३, म्हणजे १५ चौ. मी. येतात. म्हणजे प्रत्येक स्लॅबमागे १८ टन. दोन स्लॅबचे ३६, पुढचा मजला चढला की ५४ टन.

४ × ४ फुटाचे फुटिंग म्हणजे १.४९ चौ. मी. फुटिंगच्या स्वतःच्या वजनासाठी १० टक्के वाढवा: ३६ × १.१ ÷ १.४९ = २६.६ टन प्रति चौ. मी. मुरुमाची सुरक्षित क्षमता २० धरली (तीही तपासूनच धरायची) तरी हे बसत नाही. आणि ५ फुटांवर मुरूम नाहीच, भर काळी माती आहे.

दोन स्लॅबसाठी १.४ × १.४ मीटर लागेल आणि तीनसाठी १.७५ × १.७५. "पुढेमागे मजला" मनात असेल तर फुटिंग आजच १.७५ चे करा. कॉलम नंतर जाड करता येतो. फुटिंग रुंद करायचे तर राहत्या घराखाली खोदावे लागते.

दुकानाचा भार वेगळा धरा. आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचे भारतीय मानक) भाग २ प्रमाणे चौ. मी. मागे राहत्या खोलीला २ किलोन्यूटन, किरकोळ विक्रीच्या दुकानाला ४, गोदामाला साठ्याच्या उंचीच्या दर मीटरमागे २.४ आणि किमान ७.५, किंवा मालाप्रमाणे त्याहून जास्त. तळमजल्याची फरशी जमिनीवरच असल्याने इथे फरक पडत नाही. पण उद्या वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास नाहीतर सिमेंटच्या गोण्यांचे गोदाम आले, तर २ वर काढलेला स्लॅब त्यासाठी नाही.

गोदाकाठ
काळ्या मातीबद्दल सविस्तर लिहितो, कारण मराठवाड्यात आणि सोलापूर पट्ट्यात घराला तडे जातात त्यामागे बहुतेक वेळा हीच असते.

ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. हा खेळ वरच्या ३ ते ३.५ मीटरमध्ये चालतो. घराच्या मधोमध माती झाकलेली, म्हणून ओल कायम राहते. कडेची माती मात्र ऋतूप्रमाणे वरखाली होते. त्यामुळे तडे आधी कोपऱ्यात आणि खिडकीच्या टोकापासून तिरके जातात. उन्हाळ्यात रुंद होणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा दिसला की दोष गिलाव्याचा नाही.

फुगवटा किती आहे ते कळायला साधी चाचणी आहे, कोणत्याही माती प्रयोगशाळेत होते: ४२५ मायक्रॉन चाळणीतून गाळलेली १० ग्रॅम कोरडी माती एका नळीत पाण्यात, दुसरीत रॉकेलमध्ये, २४ तास. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. दोन आकारमानांतला फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या ५० टक्क्यांपुढे गेला तर सावध, १०० पुढे गेला तर साधे उथळ फुटिंग विसरा.

तुमच्या जागेला तीन वाटा आहेत:

१) मुरुमापर्यंत जाणे. २.८ मीटरला मुरूम आहे, त्यात निदान १५० ते २०० मिमी घुसून, म्हणजे ३ मीटरवर फुटिंग. या खोलीला हीच वाट सर्वात सरळ. तळाला १०० मिमी पीसीसी (सळईविना काँक्रीट, १:३:६), त्यावर फुटिंग: कॉलमपाशी ४५० मिमी जाडी, कडेला २०० मिमी, जाळी १० मिमी सळई १५० मिमीवर दोन्ही दिशांना, तळाला कव्हर (सळईबाहेरचे काँक्रीट) ५० मिमी. १.७५ च्या फुटिंगला जाळी गणिताने पुन्हा बघा. खड्डा उघडला की लगेच पीसीसी टाका. पावसाचे पाणी साचून मुरूम मऊ पडला तर तो थर खरवडून काढावा लागतो.

२) अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत भोक पाडून ओतलेला, खाली फुगा असलेला काँक्रीटचा खांब). रुरकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) नेमक्या याच मातीसाठी विकसित केलेली पद्धत. मुरूम ४-५ मीटरच्या खाली असेल तर हीच परवडते. ३०० मिमीचा पाइल, खाली अडीचपट म्हणजे ७५० मिमीचा फुगा, लांबी किमान ३.५ मीटर. आयएस २९११ भाग ३ च्या तक्त्यात ३०० मिमीच्या एकफुगी पाइलला १६ टन आणि दोनफुगीला २४ टन दिलेत. फसते ते फुग्यात: भोकात पाणी झिरपून फुगा ढासळतो आणि वरून कुणाला कळत नाही. म्हणून भोक पाडले त्याच दिवशी काँक्रीट, आणि प्रत्येक पाइलला काँक्रीट किती गेले त्याची नोंद. हिशेबापेक्षा कमी गेले तर फुगा झालेलाच नाही.

३) माती बदलणे. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी मांडलेला न फुगणाऱ्या चिकट मुरुमाचा सुमारे १ मीटरचा थर. हा फरशीखाली आणि हलक्या बांधकामाखाली उत्तम. इथे जोत्यातली वरची काळी माती काढून हाच मुरूम १५०-२०० मिमीच्या थरांत पाणी मारून धुमसा. वाळू नको. वाळूतून पाणी सरळ खाली उतरते आणि खालची माती फुगवते.

प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीचा बीम) काळ्या मातीवर टेकवून ओतू नका. खाली निदान ८० मिमी पोकळी ठेवा, नाहीतर फुगणारी माती बीमला खालून ढकलते. बीमखाली विटेचा पीसीसी करून त्यावर बीम ओतायची जी सर्रास पद्धत आहे, ती मुरुमाच्या जमिनीत ठीक, इथे घातक.

ओळंबा
फुटिंग भरल्यावर खड्डा परत कशाने भरायचा? काढलेली काळी माती की मुरूम?

गोदाकाठ
घराच्या आतल्या बाजूला मुरूम. बाहेरच्या बाजूला नुसता भरभरीत मुरूम भरला तर प्रत्येक खड्डा पावसाळ्यात पाण्याची टाकी होतो आणि ते पाणी फुटिंगपाशी मुरते. म्हणून बाहेर चिकट मुरूम, नीट धुमसलेला, आणि वर जोत्याभोवती १ ते १.२ मीटर रुंद काँक्रीटचा पट्टा, बाहेर उतार १:३० च्या आसपास. पट्टा आणि भिंत यांच्यातला सांधा डांबराने बंद.

संडासाच्या पाइपांचे चेंबर आणि नळाची गळती हेही तितकेच महत्त्वाचे. एका कोपऱ्यात वर्षभर पाणी मुरत राहिले तर पाऊस नसतानाही तो कोपरा उचलला जातो. मोठे झाड असेल तर निदान त्याच्या उंचीएवढे लांब.

हद्दीचा_दगड
सगळे मधल्या कॉलमबद्दल लिहीत आहेत. या प्लॉटची खरी अडचण हद्दीवर आहे, बारापैकी आठ कॉलम तिथे आहेत.

शेजाऱ्याच्या जागेत फुटिंग नेता येत नाही, म्हणून कॉलम फुटिंगच्या कडेला येतो. १.४ मीटर रुंद फुटिंग, कॉलम हद्दीला चिकटून, ३०० मिमीचा. कॉलमचा मध्य हद्दीपासून ०.१५, फुटिंगचा मध्य ०.७. फरक ०.५५ मीटर. रुंदीचा सहावा भाग ०.२३ असतो. त्यापलीकडे गेले की फुटिंगची आतली बाजू जमीन सोडते, सगळा दाब हद्दीकडच्या कडेवर येतो आणि फुटिंग बाहेर कलते. कॉलमलाही वाकवते.

यावर स्ट्रॅप बीम. हद्दीवरचा कॉलम आणि मधल्या ओळीचा कॉलम, दोघांची फुटिंगे एका ताठ बीमने बांधायची. हद्दीवरच्या कॉलमवर दोन स्लॅबचे २५ टन धरा. कॉलम ते कॉलम ४.३५ मीटर, फुटिंगचा मध्य ते मधला कॉलम ३.८ मीटर. फुटिंगवर येणारा भार २५ × ४.३५ ÷ ३.८ = २८.६ टन. म्हणजे फुटिंग २५ टनाचे नाही, २८.६ टनाचे काढायचे. बीममधला मोमेंट (वाकवणारा जोर) २५ × ०.५५, सुमारे १४ टन-मीटर. त्याला ३०० × ६०० चा बीम लागतो, आणि ताण वरच्या बाजूला असतो, म्हणून १६ मिमीच्या ५ सळया वर. फिटर (सळया बांधणारा) सवयीने जाड सळया खाली टाकतो. इथे उभे राहून बघा. तिसरा स्लॅब धरला तर हे सगळे दीडपट.

स्ट्रॅप बीमच्या खालीही पोकळी ठेवा. तो जमिनीवर टेकला तर हिशेबच बदलतो.

आणि खोदाई: शेजाऱ्याचा पाया ५ फुटांवर, तुमचा ३ मीटरवर. पूर्ण लांबीचा चर एकदम उघडलात तर त्याची भिंत तुमच्या खड्ड्यात. एकाआड एक खड्डा घ्या. पहिला खणून, फुटिंग ओतून, भरून झाल्यावरच शेजारचा उघडा. काळी माती कोरडी असताना उभी राहते, एका पावसात सुटते. खोदाईआधी शेजाऱ्याच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून त्याला पाठवून ठेवा.

रिंगमास्टर
आता कॉलम. ९ × ९ चे हिशेब करू.

२३० × २३०, एम २०, चार १२ मिमी. सळई ०.८५ टक्के, किमान ०.८ च्या जेमतेम वर. सरळ दाबाच्या सूत्राने क्षमता ५७१ किलोन्यूटन येते. मुरूमखडींचे ३६ टन सुरक्षेसाठी दीडपट केले की ५४० किलोन्यूटन होतात. ठेकेदार म्हणेल, बसते की! पण ते सूत्र किमान सरक (भार कॉलमच्या मध्यापासून सरकतो ते अंतर) कॉलमच्या बाजूच्या ५ टक्क्यांत असेल तरच लागू. आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचे मानक) ची किमान सरक २० मिमी, २३० चे ५ टक्के ११.५ मिमी. म्हणजे हे सूत्र या कॉलमला लावताच येत नाही, मोमेंट धरावाच लागतो. मग ५४० बसत नाही. तिसऱ्या स्लॅबचे ८१० तर बाजूलाच राहिले.

भूकंपाचा भाग अजून आलेलाच नाही. लातूर परिसर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भूकंपधोक्याच्या नकाशात झोन ३ मध्ये आला (आकडा मोठा तितका धोका जास्त). झोन ३, ४, ५ मध्ये आयएस १३९२० (भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचे मानक) बंधनकारक आहे. २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे:

कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी, किंवा त्यात येणाऱ्या बीमच्या सर्वात जाड सळईच्या २० पट, जे मोठे ते. बीममध्ये १६ मिमी वापरली तर ३२० मिमी लागतात, म्हणजे ३५० चा कॉलम. ३०० च ठेवायचा असेल तर बीममध्ये १२ मिमीच्या जास्त सळया घाला.

रिंगा: कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दाट. दाट भागाची लांबी कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग आणि ४५० मिमी यांतली सर्वात मोठी. ३ मीटर मोकळ्या उंचीला ५०० मिमी. अंतर बाजूचा पाव भाग, सर्वात बारीक उभ्या सळईच्या ६ पट आणि १०० मिमी यांतले सर्वात लहान. ३०० च्या कॉलममध्ये १२ मिमी सळई असेल तर ७५, ७२, १००. म्हणजे ७० मिमीवर रिंग. ठेकेदाराच्या ८ इंचांशी, २०० मिमीशी, ताडून बघा. मधल्या भागात १५० मिमी.

रिंग किती जाड ते गणिताने काढावे लागते. लहान कॉलममध्ये ४० मिमी कव्हर वजा जाता आतला गाभा फारच लहान उरतो, त्यामुळे ८ मिमीची एकटी रिंग पुरेलच असे नाही. आठ सळया घेऊन मधल्या सळयांना क्रॉस टाय (समोरासमोरच्या सळया धरणारी आडवी सळई) द्या.

हूक १३५ अंशांचा, पुढचे टोक सळईच्या ६ पट आणि किमान ६५ मिमी, गाभ्यात आत गेलेले. ९० अंशांचा हूक कव्हर उडाल्यावर उघडतो आणि मग रिंग असून नसल्यासारखी. फिटर हे टाळतात कारण १३५ ची रिंग उभ्या सळयांत ओवायला वेळ लागतो. ठेक्यातच रिंगेचा दर वेगळा लिहा, भांडण मिटते.

सर्वात जास्त वगळला जाणारा भाग म्हणजे बीम-कॉलमचा सांधा. स्लॅबच्या सेंट्रिंगवर बीमचा पिंजरा बांधला की त्या उंचीत कॉलमच्या रिंगा घालायला जागा राहत नाही, म्हणून घालतच नाहीत. त्या आधी कॉलमवर सरकवून ठेवा आणि पिंजरा बसला की जागेवर बांधा.

सळई१२
रिंगमास्टर यांच्यात भर, जोडांची.

लॅप (दोन सळया शेजारी ठेवून केलेला जोड) कॉलमच्या मधल्या निम्म्या उंचीतच. ३ मीटरच्या मोकळ्या उंचीत ०.७५ ते २.२५ मीटरच्या पट्ट्यात. एका पातळीवर निम्म्याहून जास्त सळया जोडायच्या नाहीत, आणि पूर्ण लॅपभर रिंगा १०० मिमीच्या आत. साइटवर मात्र स्लॅबच्या लगेच वर सगळ्या चारही सळयांचा लॅप दिसतो, कारण १२ मीटरची सळई ४ मीटरचे तुकडे करून संपवायची असते. मोमेंट सर्वात जास्त तिथेच असतो.

लॅपची लांबी एफई ५०० दर्जाच्या सळईला: एम २० मध्ये व्यासाच्या ५७ पट, एम २५ मध्ये ४९ पट. १२ मिमीला एम २५ मध्ये ६०० मिमी, १६ ला ७८०. "दीड फूट" हा पाठ असलेला आकडा ४५० मिमीच भरतो, दोन्हींत कमी.

कडेच्या कॉलममध्ये बीमची सळई नुसती टेकवून सोडतात. १२ मिमीला एम २५ मध्ये काँक्रीटने घट्ट धरायला लागणारी लांबी ५८२ मिमी, अधिक व्यासाच्या १० पट म्हणजे १२० मिळून ७०२ होतात. वाकाचे ९६ वजा केले की कॉलमच्या आतल्या कडेपासून ६०६ मिमी हवे. ३०० च्या कॉलममध्ये आडवे २५० च मिळते. उरलेले ३५०-३६० उभ्या वाकात: वरची सळई खाली, खालची वर.

बीमच्या रिंगा दोन्ही टोकांना खोलीच्या दुपटीएवढ्या लांबीत १०० मिमीपेक्षा दूर नकोत, पहिली रिंग कॉलमपासून ५० मिमीच्या आत.

फळीवाला
३०० चा कॉलम नऊ इंची भिंतीतून ७० मिमी बाहेर येतो. घरमालक ऐकत नाही, बेडच्या मागे कोपरा दिसतो म्हणतो.

रिंगमास्टर
दुकानात शटरच्या खांबाला ३०० अडत नाही, उलट शटरची चौकट बसवायला बरे पडते. हद्दीच्या बाजूला भिंत कॉलमच्या बाहेरच्या कडेला लावा, कोपरा आत येईल, त्यात कपाटे. आणि अगदीच नको असेल तर खोलीचे नियोजन करणाऱ्याला सांगा, कॉलमला नव्हे.

शटर_उघडे
या इमारतीचा मुख्य धोका अजून कुणी मांडला नाही. पुढे दोन शटर, मागे आणि बाजूंना विटांच्या भिंती, वर चारही बाजूंनी भिंती आणि खोल्यांचे पार्टिशन. वरचा मजला ताठ पेटी, तळमजल्याची पुढची बाजू नुसते खांब. भूकंपात सगळी हालचाल तळमजल्यात एकवटते. शिवाय मागची भिंत ताठ आणि पुढची मोकळी, म्हणून इमारत पिळते, आणि सर्वात जास्त सरकतात ते पुढचे तीन कॉलम. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून लांब अहमदाबादेत पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या इमारती अशाच बसल्या. वरचे मजले जवळपास अखंड, तळमजला गायब.

आयएस १८९३ (भूकंपाचा भार काढायचे मानक) च्या २०१६ आवृत्तीत मोकळ्या मजल्यासाठी आरसीसी भिंती सुचवल्या आहेत: झोन ३ आणि वर, प्रत्येक दिशेला क्षेत्रफळाच्या निदान २ टक्के. इथे ९० चे १.८ चौ. मी. १५० मिमी जाडीची भिंत धरली तर प्रत्येक दिशेला १२ मीटर लांबी. लांबीच्या दिशेला हद्दीच्या भिंतींत ती सहज बसते. रुंदीच्या दिशेला मागची भिंत अख्खी धरली तरी ९ मीटर, आणि ती एकाच टोकाला असल्याने पिळणे उलट वाढते.

म्हणून पुढच्या बाजूलाही भिंत हवीच. दोन शटर ३ मीटरचे केले तर ९ मीटरच्या दर्शनी बाजूत ३ मीटर उरतात: दोन्ही टोकांना आणि मध्ये १ मीटरचा आरसीसी तुकडा. उरलेली लांबी दुकान आणि गोदाम यांच्यातल्या आडव्या भिंतीत आणि जिन्याच्या भिंतीत घ्या, मागची थोडी सोडा. या भिंती पायापासून गच्चीपर्यंत सलग. तळमजल्यावर भिंत आणि वर नुसता बीम असे नको.

मुरूमखडी
@शटर_उघडे, तत्त्व मान्य, पण लहान दुमजलीला २ टक्के हा आकडा फार जड आहे. छत्तीस चौ. मी. च्या दुकानाला कुणी ३ मीटरचे शटर मानणार नाही. दुकानदाराला अख्खी दर्शनी बाजू हवी असते.

शटर_उघडे
मग मजला "मोकळा" राहणार नाही असे बघा. तळमजल्याची ताठरता वरच्यापेक्षा कमी पडता कामा नये, मुद्दा तो आहे. त्याचे दुसरे टोक म्हणजे वरचा मजला हलका आणि कमी ताठ करणे. ९ इंची विटांची ३ मीटर उंच भिंत मीटरमागे १४ किलोन्यूटन, गिलावा सोडून. २०० मिमी एएसी ब्लॉकची (हवेच्या बुडबुड्यांचे हलके काँक्रीट ब्लॉक) ४ ते ४.५. वर एएसी वापरला तर वस्तुमान घटते आणि तफावतही. पण गणित करून घ्या, अंदाजाने नको. आणि पुढच्या कॉलमना ३०० × ४५० करून लांब बाजू रुंदीच्या दिशेला ठेवा, म्हणजे शटरच्या रेषेत.

अजून एक: दुकानात पोटमाळा काढायचा असतोच. त्याचा बीम कॉलमला अर्ध्या उंचीवर जोडला की कॉलम दोन आखूड तुकडे होतो. आखूड कॉलम ताठ, म्हणून तोच जास्त भार ओढतो आणि तिरका फुटतो. पोटमाळा स्वतंत्र लोखंडी पायांवर उभा करा, कॉलमला न जोडता. जिन्याच्या मधल्या थांब्याचा बीम टाळता येत नाही. त्या कॉलमला पूर्ण उंचीभर दाट रिंगा. गोदामाच्या अर्ध्या भिंतीवर लांबच लांब झरोके सोडतात तिथेही हेच होते.

एएसीप्रेमी
एएसीला तडे जातात म्हणून ओरड असते. कारणे ठरलेली: ओले ब्लॉक लावणे, जाड सिमेंट-वाळूचा सांधा, आणि भिंत एकाच दिवशी बीमला भिडवणे. ब्लॉकचा चिकट मसाला २-३ मिमी. दर मीटरभर उंचीला पातळ आरसीसी पट्टी. वर १०-१५ मिमी फट सोडून, वरचा स्लॅब आणि भिंती पूर्ण झाल्यावर भरा. कॉलम-ब्लॉकच्या सांध्यावर २०० मिमी जाळी. जड गिझर आणि भिंतीतले कपाट टांगायची जागा आधी ठरवून तिथे विटा किंवा काँक्रीट.

जांभा_रत्नागिरी
कोकणात फ्रेम न करता चिऱ्याची घरे बांधतात, तसे वरचे घर भिंतींवर का नको? चिऱ्याला आयएस ३६२० प्रमाणे किमान ३.५ न्यूटन प्रति चौ. मिमी ताकद लागते, एकमजलीला ते पुरते.

गोदाकाठ
एकमजली घर आणि पक्की जमीन असेल तर चालते, फक्त जोते, लिंटेल आणि छप्पर या तीन पातळ्यांवर सलग आरसीसी पट्टा हवा: ७५ मिमी जाड, दोन सळया ८ किंवा १० मिमी, कोपऱ्यात वळवून नेलेल्या. दारे-खिडक्या मिळून भिंतीच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत. किल्लारीत जी घरे कोसळली त्यांत गोल दगड मातीत रचलेले होते, भिंतीच्या दोन थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते आणि वर माळवदाचे वजन. पट्टा कुठेच नव्हता.

नव्या बांधकामाला कन्फाइन्ड मेसनरी हा चांगला पर्याय आहे: आधी भिंत, दातेरी कडा सोडून, मग तिच्या कोपऱ्यांत बारीक उभे कॉलम ओतायचे. आयआयटी गांधीनगरच्या संकुलात याच पद्धतीच्या इमारती आहेत. पण भार भिंती घेतात, म्हणून भिंती तळापासून वरपर्यंत सलग लागतात. शटरच्या दुकानावर ते जमत नाही. अर्धे फ्रेम, अर्धे भिंतीवर असे मिश्रण तर करूच नका.

ओळंबा
काँक्रीटचे काय? इथे बोअरचे पाणी खारट आहे, आणि रेडिमिक्सची गाडी गल्लीत येत नाही.

मुरूमखडी
पाणी तपासा. आरसीसीसाठी क्लोराइड ५०० मिग्रॅ प्रति लिटरच्या आत, सल्फेट ४०० च्या आत, सामू ६ पेक्षा कमी नको. जास्त असेल तर काँक्रीटपुरते टँकरचे. क्युरिंगलाही शक्यतो तेच.

मिक्सरवर ५० किलोच्या गोणीला एकूण २५ लिटर पाणी, वाळूतली ओल धरून. ओल्या वाळूत गोणीमागे ३-४ लिटर आधीच असते. सैल हवे असेल तर अॅडमिक्श्चर (काँक्रीट सैल करणारे रसायन) घाला, बादली नको. एम २५ चे प्रमाण मिक्स डिझाइन करून घ्या आणि ते गोणीच्या हिशेबात फर्म्यांत उतरवा. घमेल्याने मोजले की दर पाळीला वेगळे काँक्रीट.

९० चौ. मी. चा १२५ मिमी स्लॅब आणि बीम मिळून १६-१७ घन मीटर. आयएस ४५६ प्रमाणे ताकद तपासायला तीन नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे. ७ दिवसांचे हवे असतील तर जास्तीचे भरा.

फळीवाला
सेंट्रिंगबद्दल: ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, बीमचे ६ मीटरपर्यंत १४ दिवस. हे साध्या सिमेंटचे आणि बऱ्या हवेचे आकडे. पीपीसी (राखमिश्रित सिमेंट) असेल, थंडी असेल तर वाढवा. वरचा स्लॅब ओतताना खालच्या मजल्याचे टेकू ठेवा, नाहीतर कोवळ्या स्लॅबवर दुप्पट वजन.

छज्जा आणि बाल्कनीची सळई वर असते. ओतताना माणसे तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. १२५ च्या स्लॅबमध्ये ती ५० मिमी खाली गेली की ताकद निम्म्यावर. मीटरभर अंतराने खुर्च्या (वरची सळई उचलून धरणारे सळईचे टेकू), आणि चालायला फळ्या. टेकू काढताना बाल्कनीचे टोकाकडून भिंतीकडे काढा.

क्युरिंग पीपीसीला किमान १० दिवस, आपल्या एप्रिल-मेच्या हवेत १४. कॉलमला ओले पोते गुंडाळा. सकाळी एकदा पाइप फिरवून काही होत नाही.

ओळंबा
शेवटचा प्रश्न: पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर सळया सोडायच्या तर किती आणि कशा जपायच्या?

सळई१२
लॅप मधल्या उंचीत यायचा असेल तर सळया गच्चीच्या वर ०.७५ मीटर अधिक लॅपचे ०.६, म्हणजे १.३५ मीटर हव्यात. निम्म्या सळया अजून ०.८ मीटर लांब, म्हणजे जोड एका पातळीवर येणार नाहीत. त्यांवर सिमेंटची स्लरी, मग १:४:८ च्या हलक्या काँक्रीटचा खांब ओता, नंतर फोडता येतो. प्लास्टिकची पिशवी बांधू नका, आत घाम धरतो आणि मुळाशीच गंज बसतो. मजला चढवताना मुळाशी सळईचा व्यास कॅलिपरने मोजा. १२ मिमीची ११ भरली तर क्षेत्रफळ १६ टक्के गेले, तेव्हा शेजारी नवी सळई ड्रिल करून रसायनाने बसवावी लागेल.

आणि सळया सोडायच्या तर नकाशा, फुटिंगचे माप आणि ठोकळ्यांचे अहवाल एकत्र ठेवा. दहा वर्षांनी येणाऱ्या इंजिनिअरला सळया दिसतील, फुटिंग १.४ चे आहे की १.७५ चे ते दिसणार नाही.

ओळंबा
आभार. फुटिंग १.७५, खोली ३ मीटर, स्ट्रॅप बीम, कॉलम ३०० × ३०० आणि पुढचे ३०० × ४५०, वर एएसी, असा नवा प्रस्ताव डिझायनरकडे पाठवतो. ठेकेदाराने पहिलीच हरकत ७० मिमीच्या रिंगांवर घेतली आहे, व्हायब्रेटरची सुई जात नाही म्हणे.

रिंगमास्टर
२५ मिमीची सुई मागवा, भाड्याने मिळते. सांध्यापाशी खडी २० ऐवजी १२ मिमीची. तरीही अडले तर सळया कमी आणि जाड करा: १२ मिमीच्या आठऐवजी १६ च्या चार घेतल्या तर बाजूच्या पाव भागाने ७५ मिमीचे अंतर मिळते. पण मधल्या सळया गेल्या की क्रॉस टायही जातात, मग रिंग १० मिमीची करावी लागेल. डिझायनरला दोन्ही पर्याय काढायला सांगा आणि बीमच्या सळया ज्या रेषेतून जातात तिचा सांध्याचा आडवा छेद १:५ ला मागा. छेद काढला की जागा उरते की नाही ते कागदावरच कळते.